काच, राळ आणि शेजारचा माणूस

(शेलूबाजार येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ तुम्ही ही व्याख्यानमाला चालवता, ते प्रयोगाचं सामान कधी कुलपात ठेवत नसत, असं इथे आल्यावर मला दोघातिघांनी सांगितलं. भिंग फुटलं तर फुटलं, पण पोराच्या हातात गेलं पाहिजे, असा त्यांचा खाक्या होता म्हणे. तेव्हा आजचा विषयही हाताने करायचाच आहे. दुर्बिणीचा आरसा घरच्या घरी कसा घासतात, आणि ते शिकवणारा माणूस आपल्या भागात कुठे मिळेल? पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात सापडतं. दुसऱ्याचं सापडत नाही, म्हणून माझा ओढा दुसऱ्याकडे राहील.

आकाशाचा विषय या जिल्ह्याला परका नाही. वाशिमचं मध्यमेश्वराचं देऊळ आणि तिथून पृथ्वीची मध्यरेषा जाते ही आख्यायिका तुम्ही लहानपणापासून ऐकली असेल. तिला ग्रंथाचा आधार आहे. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराच्या 'महाभास्करीय' ग्रंथात लंकेपासून मेरूपर्यंतच्या मध्यरेषेवरची गावं दिली आहेत. त्यांत अवंती, म्हणजे उज्जैन, आहे आणि वात्स्यगुल्मही आहे. वत्सगुल्म म्हणजे वाकाटकांची राजधानी, आजचं वाशिम. आजच्या मोजणीने उज्जैनचा रेखांश ७५.८ अंशांच्या आसपास येतो आणि वाशिमचा ७७.१ च्या. म्हणजे दोन्हीकडच्या स्थानिक मध्यान्हात सुमारे साडेपाच मिनिटांचा फरक. बरोबर चालणारं घड्याळ हाताशी नसताना एवढी चूक काढणं कुणालाही कठीण होतं, तेव्हा त्या गणितींना हसायचं कारण नाही. शेजारी बुलढाणा जिल्ह्यात लोणार आहे. बेसॉल्टच्या खडकात उल्केच्या आघाताने झालेलं, पावणेदोन-दोन किलोमीटर रुंदीचं ते विवर पाहायला जगभरातून लोक येतात. आकाश आपल्या वावरात येऊन पडलं, तरी आपल्या शाळांमधून आकाशाकडे रोखलेली दुर्बीण क्वचितच दिसते, हे मात्र खरं.

आता आरशाकडे येऊ. विल्यम हर्शेल हा इंग्लंडातल्या बाथ गावचा संगीतकार. शिकवण्या करायचा, ऑर्गन वाजवायचा. १७७३ च्या सुमारास त्याला दुर्बिणीचा नाद लागला. रॉबर्ट स्मिथचा प्रकाशशास्त्रावरचा ग्रंथ त्याने वाचला होता, पण ग्रंथ वाचून धातूचा आरसा घासता येत नाही. त्याच्या बहिणीने, कॅरोलिनने, आठवणींमध्ये एक बारीकशी गोष्ट लिहून ठेवली आहे. त्याच गावात एक क्वेकर गृहस्थ होते. त्यांनी पूर्वी आरसे पॉलिश करायचा खटाटोप केला होता आणि नंतर सोडून दिला होता. हर्शेलने त्यांच्याकडून साचे, हत्यारं, घासायचे दगड, अर्धवट आरसे, असा सगळा पसारा विकत घेतला. म्हणजे हा जगप्रसिद्ध माणूससुद्धा सुरुवात करताना गल्लीतल्या एका हौशी माणसाच्या दारात गेला होता. पुढे आरसा हातात असला की तो जेवायलाही उठत नसे, कॅरोलिन त्याला घास भरवायची. एकदा सोळा तास हात न उचलता त्याने काम केल्याचं तिने नोंदवलं आहे. १३ मार्च १७८१ च्या रात्री त्याने युरेनस शोधला तो घरी केलेल्या दुर्बिणीतून, आणि तिचा आरसा होता ६.२ इंचांचा. आज मी ज्या आरशाबद्दल बोलणार आहे तो ६ इंची आहे. मापात फारसा फरक नाही.

हर्शेलचा आरसा तांबं आणि कथिलाच्या मिश्रधातूचा होता. तो लवकर काळवंडायचा, मग पुन्हा पॉलिश करा, म्हणजे पुन्हा सगळा आकार जुळवा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला काचेवर चांदीचा पातळ थर चढवायची युक्ती निघाली आणि लेओं फूकोने आरसा तपासायची सुरीच्या पात्याची परीक्षा शोधली. आरसा कारखान्याबाहेर आला तो या दोन गोष्टींमुळे.

अमेरिकेत व्हरमाँट राज्यात स्प्रिंगफील्ड नावाचं गाव आहे. लेथ आणि यंत्रं बनवणारं गाव. १९२० मध्ये रसेल पोर्टरने तिथे आरसे घासायचा वर्ग काढला. त्यात पंधरा पुरुष आणि एक बाई होती. बहुतेक जण यंत्रांच्या कारखान्यात काम करणारे, खगोलशास्त्राचा गंध नसलेले. पण हजारांश इंच म्हणजे काय हे त्यांच्या बोटांना माहीत होतं. १९२५ मध्ये अल्बर्ट इंगल्सने 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्यावर लिहिलं आणि हा छंद देशभर पसरला. जॉन डॉब्सन हा दुसरा माणूस, आपल्याला जवळचा वाटावा असा. तो सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत संन्यासी होता. जहाजाच्या गोल खिडकीची जुनी काच घासून त्याने आरसा केला. मठाबाहेर दुर्बिणी घेऊन जाण्यापायी अखेर १९६७ मध्ये त्याला मठ सोडावा लागला. मग त्याने फुटपाथवर दुर्बीण लावून येणाऱ्याजाणाऱ्याला चंद्र दाखवायला सुरुवात केली. प्लायवूडची पेटी आणि टेफ्लॉनचे तुकडे यांवर फिरणाऱ्या त्याच्या स्टँडला आज जगभर डॉब्सोनियन म्हणतात.

आपल्याकडचं काय? १८८८ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये प्रोफेसर कावसजी नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या मदतीने वेधशाळा उभारली. तिथली २० इंची परावर्ती दुर्बीण तेव्हा देशात सर्वांत मोठी होती. ती आली परदेशातून, आणि १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाल्यावर कोडईकनालला गेली. मोठा आरसा इथेच घासून पॉलिश करायचं काम पुढे बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेत झालं. कावलूरच्या वेणू बाप्पू दुर्बिणीचा २.३४ मीटरचा आरसा ए. पी. जयराजन यांच्या देखरेखीखाली तयार झाला आणि १९८६ मध्ये त्या दुर्बिणीला बाप्पूंचं नाव देण्यात आलं.

हौशी माणसाला मात्र पुण्याची वाट धरावी लागे, अजूनही लागते. ज्योतिर्विद्या परिसंस्था ही १९४४ मध्ये तिथे स्थापन झालेली, देशातली सर्वांत जुनी हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था. १९८८ मध्ये पुण्यातच आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था सुरू झाली. तिचे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. त्यांच्या संशोधनाबद्दल आणि विज्ञानकथांबद्दल बरंच लिहिलं गेलं. माझ्या मते त्यांचं आणखी एक मोठं काम असं की संशोधकांच्या त्या संस्थेत त्यांनी शाळकरी मुलांना आणि हौशी लोकांना जागा दिली. अरविंद परांजपे यांनी तिथे दुर्बीण बनवायच्या कार्यशाळा घेतल्या. काच हातात घेऊन आलेला माणूस दुर्बीण घेऊन घरी जावा, अशी ती रचना होती. महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळा-कॉलेजांतल्या दुर्बिणींचं मूळ शोधत गेलात तर पुण्यातल्या अशाच एखाद्या कार्यशाळेशी जाऊन पोचाल.

पण पुणं इथून लांब आहे. समृद्धी महामार्गावर शेलूबाजारचा इंटरचेंज झाल्यापासून गाडीचे तास कमी झाले, तरी आरशाचं काम एका दिवसाचं नसतं. ते आठवडेच्या आठवडे चालतं आणि प्रश्न पडतो तो रात्री साडेनऊला, हात ओले असताना. तेव्हा विचारायला कोण आहे? फोनवर फोटो पाठवून निम्मी अडचण सुटते. उरलेली निम्मी बोटांना कळते, फोटोत दिसत नाही.

काम काय असतं ते सांगतो. काचेच्या दोन जाड चकत्या घ्यायच्या, ६ इंच म्हणजे १५० मिलिमीटर व्यासाच्या. एक होणार आरसा, दुसरी घासायची. दुसरी काचेचीच पाहिजे असं नाही. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या चकतीवर सिरॅमिक टाइलचे तुकडे चिकटवूनही चालतं, फक्त प्लास्टरला पाणी लागणार नाही असा लेप द्यायचा. ही चकती खाली, पिंपावर घट्ट बसवायची. तिच्यावर ८० नंबरची कार्बोरंडम पावडर आणि पाणी, आणि वर आरशाची काच. मागेपुढे घासा, घासता घासता काच हातात थोडी फिरवा, आणि तुम्ही स्वतः पिंपाभोवती पाऊल पाऊल सरका. वरच्या काचेचा मध्य खालच्या काठावर जास्त दाबला जातो, म्हणून वरची काच मध्ये खोल होते आणि खालची फुगते. आपल्या आयांच्या पाट्याला वर्षानुवर्षं वाटून वाटून जी खोली येते, तीच ही, फक्त मोजूनमापून आणलेली. प्रत्येक दिशेने सरकवली तरी एकमेकांना सगळीकडे टेकून राहतील अशी दोन पृष्ठं गोलाचीच असू शकतात. म्हणून तुम्ही मन लावून नीट फिरत राहिलात की गोलाकार आपोआप येतो. यात देवाचा हात नाही, भूमितीचा आहे.

१२०० मिलिमीटर नाभीय अंतर हवं असेल तर मधली खोली किती हवी? सुमारे १.२ मिलिमीटर. त्याला महागडं माप लागत नाही. सरळ पट्टी काचेवर उभी धरायची आणि मधोमध १.२ मिलिमीटरचा ड्रिलबिट तिच्याखालून जातो का ते पाहायचं. मग १२०, २२०, ४००, ६०० अशा बारीक होत जाणाऱ्या पावडरी. प्रत्येक वेळी हात, पिंप, काच, अंगावरचे कपडेसुद्धा धुवायचे, कारण ८० नंबरचा एक कण ६०० च्या पावडरीत शिरला की काचेवर ओरखडा उठतो आणि तुम्ही दोन पायऱ्या मागे जाता. पावडर नेहमी ओलीच वापरा. वाळलेला गाळ झाडू नका, तो फुप्फुसात जातो. आणि एक: शोकेसवाला तुम्हाला टफन्ड काच देईल, ती घेऊ नका. तिच्यात ताण कोंडलेला असतो, घासताना ती वाकते किंवा तिचे तुकडे होतात. साधी, जाड काचच मागा.

यानंतर पॉलिश, आणि इथेच परदेशी पुस्तकं आपल्याला दगा देतात.

पॉलिशसाठी खालच्या चकतीवर पिचचा थर ओततात. पिच म्हणजे डांबरासारखा पदार्थ, त्यात राळ, मेण किंवा टर्पेंटाइन मिसळून त्याचा कडकपणा जुळवायचा. थंड झाल्यावर त्यात चौकोनी खाचा पाडायच्या, आरसा टेकवून नेमका आकार द्यायचा, आणि मग सिरियम ऑक्साइडच्या पाण्याने घासायचं. पिचचं मर्म असं की पटकन दाबलं तर ते कडक असतं आणि सावकाश दाबलं तर वाहतं. त्यामुळे ते आरशाच्या आकाराशी हळूहळू जुळत जातं. पुस्तकात लिहिलेलं असतं की अंगठ्याचं नख दाबून अमुक एवढी खूण उमटली की पिच बरोबर आहे. पण ते पुस्तक व्हरमाँटच्या किंवा पॅरिसच्या खोलीत, २० अंशांत लिहिलेलं आहे. आपल्या वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. त्या हिशोबाचं पिच इथे दुपारी अक्षरशः वाहतं. खाचा बुजतात, पिच आरशाला सगळीकडे सारखं टेकत नाही, आणि आरशाची कड पडते. कड पडलेल्या आरशातून शनीची कडी दिसतात, पण धुरकट. उलट डिसेंबरच्या पहाटे तेच पिच इतकं कडक होतं की ओरखडे उठवतं. म्हणून पिच ज्या खोलीत, ज्या महिन्यात, ज्या वेळी वापरायचं, त्या वेळेसाठीच शिजवायचं. राळ वाढवली की कडक होतं, टर्पेंटाइनचे थेंब घातले की मऊ. हे प्रमाण शेलूबाजारचं वेगळं, महाबळेश्वरचं वेगळं. स्थानिक मार्गदर्शन म्हणतात ते हे. ज्याने या हवेत एकदा पिच जुळवलं आहे, त्याच्या वहीतली चार ओळींची नोंद तुम्हाला जाडजूड ग्रंथापेक्षा जास्त कामाची आहे.

तपासणीचंही तसंच. पॉलिश झालेला आरसा भिंतीशी उभा करतात आणि त्याच्या वक्रता केंद्राशी, म्हणजे नाभीय अंतराच्या दुप्पट लांब, आपल्या आरशासाठी २४०० मिलिमीटरवर, एक बारीक छिद्रातला दिवा आणि दाढीचं ब्लेड ठेवतात. आरशातून परत आलेल्या प्रकाशाच्या बिंदूला ब्लेड कापू लागलं की आरशावर सावल्या उमटतात. त्या सावल्यांत आरशाचे उंचवटे आणि खळगे दिसतात. फूकोची परीक्षा ती हीच. ती किती नाजूक आहे ते पाहायचं असेल तर आरशावर क्षणभर अंगठा टेकवा, उचला आणि पाहा. जिथे अंगठा टेकला तिथे काच तापून फुगलेली असते आणि सावलीत एक टेकडी स्पष्ट उभी राहते. मिनिट-दोन मिनिटांत ती विरते. पहिल्यांदा हे पाहणारी मुलं हटकून पुन्हा अंगठा लावतात, लावू द्यावा.

गोलाचा पॅराबोला करायचा म्हणजे काठाशी एका मायक्रॉनच्या तिसऱ्या भागाहूनही कमी काच काढायची, केसाच्या जाडीचा दोनशेवा भागही नाही. ६ इंची, १२०० मिलिमीटरचा आरसा तर निव्वळ गोल ठेवला तरी जेमतेम चालून जातो. म्हणून नवशिक्याने याच मापापासून सुरुवात करावी. आठ-दहा इंचांचा मोह धरू नये.

पत्र्याच्या छपराखाली ही तपासणी होत नाही. गरम हवेचे झोत प्रकाश हलवतात आणि सावल्या नाचतात. सिमेंटच्या स्लॅबखालीही रात्री उशिरापर्यंत तेच. पण ज्यांच्याकडे जुनं धाब्याचं घर उभं आहे, त्यांच्याकडे जाडजूड मातीच्या भिंतींची, दिवसभर एकाच तापमानाची खोली आहे. आरसे तपासायला याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही. बहुतेकांनी त्या खोलीत सोयाबीनची पोती रचून ठेवली आहेत. एका भिंतीलगतची जागा मोकळी केली तर पुरे.

आता मूळ प्रश्न: शेलूबाजारात हे शिकवणारा कोण? एकच माणूस शोधाल तर सापडणार नाही. तो चार जणांत वाटलेला आहे. ट्रॅक्टरचे पार्ट दुरुस्त करणारा लेथवाला मायक्रोमीटर कसा धरायचा ते जाणतो. पोर्टरच्या वर्गात होती ती त्याच जातकुळीची माणसं. ग्रॅनाइट आणि काचेचं काम करणाऱ्याकडे पॉलिशच्या पावडरींची ओळख आहे, कुठून मागवायच्या ते तो सांगेल. सुतार डॉब्सनची पेटी एका दिवसात करून देईल, आणि खाली चिकटवायला लागणारा सनमायका त्याच्याकडे तुकड्यांत पडलेला असतो. शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या मास्तरांना वक्रता केंद्र माहीत आहे, फक्त ते त्यांनी फळ्यावरून खाली उतरवायचं आहे. या चौघांना एका टेबलाशी बसवणं हे काम कुणी करत नाही. तेवढं केलं की मार्गदर्शनाची अर्धी अडचण संपते.

दोन गोष्टी गावात होणार नाहीत. डोळ्याशी लावायचं आयपीस आणि आतला छोटा सपाट आरसा विकत घ्यावा. आणि मोठ्या आरशावरचा अ‍ॅल्युमिनियमचा थर निर्वात पेटीत चढवावा लागतो, त्यासाठी आरसा शहरात पाठवावा लागतो. रसायनशाळेत सिल्व्हर नायट्रेटने चांदी चढवता येते, पण ती काही महिन्यांत काळवंडते. शिवाय उरलेलं द्रावण साठवून ठेवलं तर त्याचा स्फोट होऊ शकतो, ते लगेच निकामी करावं लागतं. रसायनशास्त्राचे शिक्षक सोबत नसतील तर त्या फंदात पडू नका.

कुणी विचारेल, आणि विचारलंच पाहिजे, की तयार दुर्बीण मिळते तर एवढा उपद्व्याप कशाला? सरळ सांगतो, पैसे वाचवायला असेल तर करू नका. आज बाजारात मिळणारा ६ इंची तयार आरसा तुमच्या मेहनतीच्या हिशोबात स्वस्त पडेल. शाळेला महिन्याभरात शनी दाखवायचा असेल तर खुशाल विकत घ्या. त्यातही डोळ्यापेक्षा साडेचारशे पट प्रकाश गोळा होतोच. पण विकतची दुर्बीण बिघडली की कपाटात जाते, कारण ती उघडायची हिंमत कुणात नसते. ज्या शाळेत आरसा घासला गेला, तिथली दुर्बीण बिघडली तर दहावीतली मुलगीही स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसते. माझ्या मते एवढ्या एका कारणासाठी प्रत्येक तालुक्यात निदान एक आरसा हाताने झाला पाहिजे.

मुलींचा उल्लेख मुद्दाम केला. कॅरोलिन हर्शेलने भावाला घास भरवले हे सगळे सांगतात. पुढे तिने स्वतः आठ धूमकेतू शोधले, हे तेवढ्या उत्साहाने सांगितलं जात नाही. कार्यशाळेत पिंपाभोवती कोण फिरतंय आणि कडेला उभं राहून चहा कोण आणून देतंय, याकडे आयोजकांनी जरा लक्ष ठेवावं.

वेळेचं गणितही आपल्या बाजूचं आहे. मृग लागल्यापासून दसऱ्यापर्यंत आकाश झाकलेलं असतं, तेव्हा पाहायचं असं काही नसतं. पेरणीची आणि सोयाबीन काढणीची गडबड सोडून मधले ओले दिवस घासायला घ्या. पॉलिश दिवाळीनंतर, दिवसाची हवा पंचविशीत आली की. जानेवारीत आरसा शहरात पाठवा. कास्तकाराच्या घरातलं पोर हे वेळापत्रक एका दमात समजेल.

व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांना माझी एक विनंती आहे. पुढच्या वर्षीचा वक्ता ठरवण्याआधी ६ इंची दोन चकत्या, पावडरींचा एक संच, राळ आणि पिच एवढं सामान गुरुजींच्या शाळेत आणून ठेवा. लेथवाले, सुतार, भौतिकशास्त्राचे शिक्षक आणि चारपाच मुलंमुली यांची पहिली बैठक पावसाळ्याआधी घ्या. पुण्याच्या कार्यशाळेला इथून दोघांनाच पाठवा, पण परत आल्यावर शिकवायचं या अटीवर. पिच कोणत्या महिन्यात, किती अंशांत, किती राळ घालून जमलं, ते मराठीत एका वहीत लिहून ठेवा आणि ती वही कुलपात ठेवू नका. मालेगाव, मंगरूळपीर, कारंज्याची मुलं ती मागायला येतील.